खजुराची बिअर

प्लेनो, टेक्सस
१२ जानेवारी २०२५

श्रीरंगभावजी,

शोभनाचा नमस्कार. पत्र बघून दचकू नका, आम्ही सगळे धडधाकट आहोत. पोस्टानं लिहायचं कारण एवढंच, की मी कुणालाही मेसेज केला की तो आमच्या दिवाणखान्यातल्या आयपॅडवर उमटतो. घरातल्या सगळ्यांचे अकाउंट कधीतरी एकत्र जोडलेत, ते सोडवायला मला येत नाही, आणि ज्याला येतं त्याला सांगायचं नाहीये. फोनवर बोलावं तर देवदत्त रिटायर झाल्यापासून चोवीस तास घरात असतो.

तर तुमच्या मित्राच्या डोक्यात नवं खूळ शिरलंय. चार हजार वर्षांपूर्वी लोक म्हणे जवाच्या जाड भाकऱ्या भाजायचे, पाण्यात कुस्करायचे, वर खजूर आणि मध घालून आंबवायचे. तशी बिअर त्याला आमच्या गॅरेजमध्ये करायची आहे. गोडमिट्ट, काकवीसारखी दाट, आणि कडक म्हणाल तर वाइनच्याही वरताण. शिवाय वर्षभर मुरवायची. भावजी, हा माणूस लोणचं मुरेपर्यंत थांबत नाही.

तुम्ही त्याला नको म्हणून सांगा. जन्मभर यीस्टवर संशोधन केलंत, बिअर करायला त्याला शिकवलंत तुम्हीच, तुमचा शब्द तो मोडणार नाही. घरी जमत नाही म्हणा, बिघडते म्हणा, काय वाटेल ते म्हणा. त्याची शुगर वाढली आहे, हे कारण पुरेसं आहे. मी सांगितलं हे मात्र कळू देऊ नका.

नीलांबरीवहिनींची आठवण काढली म्हणून सांगा.

शोभना


वेस्ट विंडसर, न्यू जर्सी
२४ जानेवारी २०२५

शोभनावहिनी,

टपालपेटीत हातानं पत्ता लिहिलेलं पाकीट बघून नीलांबरीनं विचारलं, "कोण गेलं?" हल्ली आपल्या लोकांची पत्रं तेवढ्यासाठीच येतात ना. तुमचं अक्षर बघून जिवात जीव आला.

आता माफी आधी मागतो आणि गुन्हा नंतर सांगतो. तुम्ही म्हणालात तसा मी देवदत्तला फोन लावला, नको म्हणायलाच लावला. पण तो खजुरांवर बोलायला लागला. कुठले घ्यायचे, बियांसकट की बिया काढून, भाकरी करपवायची की नुसती भाजायची. वहिनी, गेलं वर्षभर हा माणूस माझ्याशी हो-नाहीच्या पुढे बोललेला नाही. मला वाटायचं माझं काही चुकलं. परवा तास कसा गेला ते कळलं नाही. नको हा शब्द माझ्या तोंडून निघेना.

तेव्हा करू द्या. शुगरची काळजी नको, ही बिअर काही ग्लासानं प्यायची नाही, दिवाळीला फुलपात्रभर पुरते. शास्त्र सोपं आहे. यीस्ट साखर खाऊन दारू करतं, आणि शेवटी स्वतःच केलेल्या दारूनं थकून पडतं. उरलेली साखर म्हणजे तिचा गोडवा. एकच धोका. घाई करून तीन महिन्यांच्या आत बाटल्या भरल्या तर उरलेलं यीस्ट आतल्या आत काम करत राहतं आणि बाटल्या फुटतात. ते मी देवदत्तला बजावलंय.

आणि हो, यीस्ट माझं. बावीस वर्षं जिवंत ठेवलंय. कालच बर्फाच्या पिशवीत घालून पाठवलं, आलं की फ्रिजमध्ये ठेवा.

जर्सी सिटीहून अमेयला लाँग वीकेंडला बोलावून घ्या. बापलेकांना मिळून करू द्या. बरेच दिवसांत तो आमच्याकडे फिरकला नाही, कामात असेल.

आपला
श्रीरंग


प्लेनो
९ फेब्रुवारी २०२५

भावजी,

तुमचं पार्सल आलं. तुम्हाला एक काम सांगितलं होतं. एकच. तेही असं उलटं केलंत की आता मला धरवत नाही आणि सोडवत नाही.

खरं लिहिते. देवदत्तची शुगर चांगली आहे. अमेय जर्सी सिटीत नाही, नोव्हेंबरपासून आमच्याकडे आहे. नोकरी जूनमध्ये गेली. दारू. हा शब्द कागदावर लिहायला मला इतके महिने लागले. दोनदा रिहॅबला राहिला. पहिल्यांदा बाहेर आला आणि अकराव्या दिवशी पुन्हा सुरू. दुसऱ्या खेपेला, ३ ऑक्टोबरपासून, थेंब नाही. आज एकशे एकोणतीस दिवस झाले. सत्तावीस वर्षांचा मुलगा आहे माझा, आणि मी त्याचे दिवस तान्ह्या बाळासारखे मोजते.

तो घरी यायच्या आदल्या दिवशी देवदत्तनं घरातली एकूण एक बाटली सिंकमध्ये ओतली. स्पर्धेत पदकं मिळालेलीसुद्धा. मी नळ सोडून शेजारी उभी होते. तेव्हापासून बापलेक एका छपराखाली राहतात आणि बोलत नाहीत. भांडण असतं तर मी मिटवलं असतं हो. देवदत्तला वाटतं, आपण गॅरेजमध्ये बिअरचं कौतुक मांडून बसलो, त्यातून मुलाला लागली. अमेयला वाटतं, आपल्यापायी बाबांचं आवडतं काम गेलं. दोघं हे मला सांगतात, एकमेकांना नाही.

नाताळात जेवताना अमेय एकदम म्हणाला, "बाबा, ती डेट्सवाली एन्शंट बिअर आपण कधी केलीच नाही. करू या? मी टेस्ट नाही करणार. आय जस्ट वॉन्ट टु मेक इट विथ यू." म्हणजे खूळ देवदत्तचं नाही, याचं आहे. पंचवीस मिनिटं बोलत होते दोघं. माझी आमटी गार झाली, पण मी उठले नाही. उठले तर थांबतील, अशी भीती वाटली.

त्याची काउन्सेलर म्हणते, घरात अल्कोहोल नको, पण शेवटी फॅमिलीचा डिसिजन. फॅमिली म्हणजे कोण, तर मी. हो म्हणावं तर माझ्या हातानं मी विष घरात आणणार. नाही म्हणावं तर दोघं परत मुके होणार. म्हणून तुम्हाला नाही म्हणायला सांगितलं होतं. राग तुमच्यावर निघाला असता, तुम्ही लांब आहात, सोसला असता.

तुमचं यीस्ट फ्रिजमध्ये आहे, विरजणाच्या वाटीमागे. तीनदा फेकायला काढलं. विरजण फेकायची या हाताला सवय नाही, परत ठेवलं. आता सांगा, करू द्यायचं की नाही? या वेळी विचार करून लिहा.

शोभना


वेस्ट विंडसर
२० फेब्रुवारी २०२५

वहिनी,

तुमचं पत्र नीलांबरीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आता तरी सांगा." म्हणून सांगतो. हे वाचून तुम्ही मला काय म्हणाल ते मी स्वतःला आधीच म्हणून झालं आहे.

२०२२ साली अमेय दर रविवारी ट्रेननं आमच्याकडे जेवायला यायचा. मी माझी बिअर काढायचो, तो तारीफ करायचा, मी अजून काढायचो. मलाही बरं वाटायचं, आपली मुलं इतकं ऐकून घेतात कुठे. मग एकदा बेसमेंटमधली एक बाटली पाहुण्यांसाठी उघडली, तर आत पाणी. दुसरी उघडली, पाणी. बारा बाटल्यांत पाणी भरून, माझ्याच मशीननं वर नवी झाकणं दाबलेली होती. इतकं नीट काम, की शिकवणाऱ्याला ओळखू यावं.

नीलांबरी त्याच दिवशी म्हणाली, शोभनाला फोन करा. मी म्हणालो, दुसऱ्याच्या मुलाबद्दल असं बोलू नये, वय आहे, निवळेल. आपल्यात कोण सांगतं असं? पुढच्या रविवारी मी बेसमेंटला कुलूप लावलं. अमेयनं ते पाहिलं. जेवला, नीलांबरीला भांडी विसळू लागला, आणि त्यानंतर आला नाही. मागच्या पत्रात 'कामात असेल' असं लिहिलं, ते खोटं होतं. मी माझी बिअर सांभाळली, वहिनी, आणि तुमच्या मुलाला दाराबाहेर ठेवलं.

करू द्यायचं की नाही, मला खरंच कळत नाही. डोकं म्हणतं, अजिबात नको. तीन महिने घरभर त्या आंबवणाचा वास राहील, पोरानं कुठं जावं? मग देवदत्तचा फोनवरचा आवाज आठवतो आणि तेही लिहवत नाही. चाळीस वर्षं या विषयात घालवली आणि तुमच्या एका प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. खरं म्हणजे उत्तर द्यायचा हक्कही राहिलेला नाही.

एक भीक मागतो. हे देवदत्तला सांगू नका. या देशात त्याला एकच मित्र आहे, आणि मलाही.

श्रीरंग


प्लेनो
१७ मार्च २०२५

श्रीरंगभावजी,

तुम्हाला परत लिहायचं नाही असं ठरवलं होतं. तीन आठवडे जमलं.

तेव्हा तुम्ही फोन केला असतात तर काय झालं असतं? कदाचित मीच तुमच्याशी बोलणं टाकलं असतं, माझ्या सोन्यासारख्या मुलावर आळ घेता म्हणून. ते अगदी शक्य आहे. म्हणून राग धड येतही नाही आणि जातही नाही. देवदत्तला सांगितलं नाही. तुमच्यासाठी नव्हे, त्याच्यासाठी. पण घरी फोन करू नका. तुमचा आवाज मला सध्या ऐकायचा नाही.

बिअर केली. मी हो म्हटलंच नाही. नाही म्हणायचं मात्र राहून गेलं. शनिवारी सकाळी उठून खाली आले तर ओव्हन तापलेला आणि ओट्यावर पिठाचा सडा. देवदत्त जवाची भाकरी थापत होता. अमेय म्हणाला, "बाबा, दॅट्स नॉट अ भाकरी, दॅट्स अ फ्रिस्बी." देवदत्त हसला. मोठ्यानं हसला, भावजी. मी पाठ फिरवून चहा गाळत राहिले, डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

मग चार पौंड खजुरांच्या बिया अमेयनं माझ्याजवळ बसून काढल्या. तो मला ऑफिसातल्या गोष्टी सांगत होता, कधी न सांगितलेल्या. पातेलं उकळायला लागलं तेव्हा त्यानं नाकावर रुमाल बांधला. मी विचारलं, त्रास होतोय का रे? "थोडा." मग राहू दे, बाहेर चल. "नको, आई." मी काय करायला हवं होतं ते तुम्हाला कळत असेल तर कळवा. मी त्याला रुमाल घट्ट बांधून दिला.

पिंप जिन्याखालच्या कपाटात आहे. दिवसभर त्यातून बुडबुडे येतात. बापलेक जाता-येता कान लावतात. आज एकशे पासष्ट दिवस.

शोभना


वेस्ट विंडसर
५ एप्रिल २०२५

वहिनी,

फोन करणार नाही, तुमचा शब्द आहे. एक सुचवतो. जूनअखेर बाटल्या भरून झाल्या की मी गाडी घेऊन येतो. दोन दिवसांचा रस्ता आहे, मला रिकामपणच आहे. सगळ्या बाटल्या इकडे आणतो आणि वर्षभर मुरवतो. टेक्ससच्या उन्हाळ्यात बिघडेल असं देवदत्तला सांगेन, ते फारसं खोटंही नाही. घरात थेंब राहणार नाही आणि केलेलं वाया जाणार नाही. एवढं तरी मला करू द्या.

श्रीरंग


प्लेनो
३० जून २०२५

भावजी,

तुमचं म्हणणं मला पटलं होतं, तरी उत्तर द्यायला उशीर केला. शनिवारी बाटल्या भरल्या. एकतीस झाल्या. रात्रीचं जेवण झाल्यावर तुमच्या नावानं विषय काढला, की श्रीरंगभावजी घेऊन जातो म्हणतायत. देवदत्त तयार होता. अमेयच नाही म्हणाला. "ती इथे असताना मी इथे राहू शकतो का, ते मला बघायचंय. काकांनी नेली तर मला कसं कळणार?" मग म्हणाला, "आणि प्लीज, लॉक नका लावू." देवदत्तला ते कळलं नाही. मला कळलं.

कुलूप लावलं नाही. पण भावजी, मी मोजते. सकाळी चहाच्या आधी आणि संध्याकाळी देवाजवळ दिवा लावून झाला की. हे कुणाला माहीत नाही, तुम्हाला सांगितलं. मोजू नये हे कळतं, कपाटाशी गेल्यावर ते कळणं कुठे जातं कोण जाणे.

पण घर बरं आहे. दोघं मिळून लेबलं चिकटवत होते, 'मार्च २०२६ पर्यंत हात लावू नये'. अमेयला जवळच एका हार्डवेअरच्या दुकानात काम मिळालंय. तुमच्यावरचा माझा राग थोडा कमी झालाय, असं लिहायला हरकत नाही.

शोभना


प्लेनो
१६ ऑगस्ट २०२५

श्रीरंगभावजी,

अमेय घर सोडून गेला. आज तिसरा दिवस.

मंगळवारी संध्याकाळी मोजल्या तर तीस. खाली बसून हात लावून मोजल्या. तीस. दोन दिवस मी कुणाशी बोलले नाही. तो जवळून गेला की वास घेत होते. त्याच्या गाडीत, उशीखाली, रिसायकलिंगच्या डब्यात बाटली शोधली. सापडली नाही, म्हणजे नीट लपवली असेल, पाणी भरून झाकणं लावणारा मुलगा तो. जेवण झालं की बडीशेप खात होता. तीही मला वास मारायलाच वाटली.

गुरुवारी दुपारी विचारलं, एक बाटली कमी आहे. तो म्हणाला, "आई, यू काउंट देम?" मी म्हणाले, रोज. "रोज?" मग म्हणाला, "ओके." बास. मी ओरडले, कुठे आहे ती, प्यायलास ना, तोंडानं सांग. तो काही बोलेना. देवदत्त आतून आला. त्यानं मला काही विचारलं नाही, त्याला काही विचारलं नाही. कपाट उघडलं आणि एकेक बाटली नेऊन सिंकमध्ये ओतायला लागला. तिसाव्या बाटलीपर्यंत अमेय स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. मग गाडीच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि पाठीला पिशवी लावून निघून गेला. बाहेर एकशे चार फॅरनहाइट ऊन. शेजारच्या आन्या नावाच्या मुलीनं त्याला ट्रेनच्या स्टेशनकडे चालत जाताना पाहिलं.

फोन बंद आहे. पोलिस म्हणाले, ॲडल्ट आहे, स्वतःहून गेलाय, वाट बघा. देवदत्त म्हणतो, कुणाला कळवायचं नाही. मी तुमचं नाव फोनवर काढलं आणि फोन खाली ठेवला. बोलताच आलं नसतं मला. म्हणून हे एक्स्प्रेसनं पाठवते.

कदाचित तो तुमच्याकडे येईल. पूर्वी रविवारी यायचा, आठवण होईल त्याला. आला तर कशाही अवस्थेत असो, दार उघडा. आणि या वेळी मला कळवा.

मी चुकले का हो? तीनशे सतरा दिवस झाले असते आज.

शोभना


वेस्ट विंडसर
१६ ऑगस्ट २०२५

शोभनावहिनी,

जूनच्या तुमच्या पत्रानंतर काही आलं नाही, म्हणून सगळं ठीक असणार असं धरून लिहितो. आज न राहवून लिहितो आहे, आणि आनंदानं लिहितो आहे.

काल शुक्रवारी एक पार्सल आलं. तीन टी-शर्टांत गुंडाळलेली बाटली आणि चिठ्ठी. चिठ्ठी जशीच्या तशी उतरवून देतो, त्याचं मराठी सुधारत नाही:

"श्रीरंग काका, यीस्ट तुमचा होता म्हणून पहिली बाटली तुमची. आज डे ३१३ आहे. मी टेस्ट नाही केली, प्रॉमिस. अल्कोहोल पोस्टानी पाठवायला अलाउड नाही, आई घाबरेल, म्हणून मी आई-बाबांना आत्ता सांगत नाही, तुमचं उत्तर आलं की सांगणार. लॉकचा मला राग नाही आला, आय वुड हॅव डन द सेम. आय ॲम सॉरी फॉर द ट्वेल्व्ह बॉटल्स. मार्चपर्यंत थांबू नका, आत्ता प्या, आणि चव कशी आहे ते मला सगळं लिहा. बाकी सगळं मला माहिती आहे, फक्त तेवढं नाही. अमेय."

वहिनी, मी आणि नीलांबरीनं काल संध्याकाळी ती फुलपात्रात ओतली. अजून कोवळी आहे, जिभेला चिकटते, पण खजूर काय उतरलाय, मध कसा मागून येतो, आणि भाजलेल्या भाकरीचा खरपूसपणा शेवटी राहतो. मी आजवर असं काही केलेलं नाही. नीलांबरी रडायला लागली, मग मीही.

त्याला सांगावं म्हणून लगेच फोन केला. तुमच्या घरी करायचा नाही हे लक्षात होतं, त्याच्याच नंबरवर केला. बंद लागतोय, चार्ज करायचं विसरला असेल.

म्हणून चवीबद्दल चार पानं लिहिली आहेत, एकही गोष्ट सोडलेली नाही. ते पाकीट सोबत आहे, त्याच्यावर त्याचं नाव घातलंय. तुम्ही उघडू नका, ते त्याचं आहे. त्याच्या हातात द्या, आणि वाचताना त्याचा चेहरा कसा होतो ते मला कळवा.

आपला
श्रीरंग